जव्हारला फिरायला जाताय? आधी पाण्याचा हिशेब द्या

पाऊस स्थिरावला की शनिवारी पहाटेपासून भिवंडी-वाडा रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दाभोसाचा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, पुढे मोखाड्यातलं सूर्यमाळ, असा बेत ठरलेला असतो. ईद पावसाळ्याच्या आसपास आली तर बासी ईदला आमच्या मोहल्ल्यातली पोरंही बाइक काढून त्याच रस्त्याला लागतात. फिरायला जाण्यावर माझा अजिबात आक्षेप नाही. कारखान्यात, दुकानात, दोन खोल्यांच्या घरात वर्ष काढणाऱ्यांना डोंगर पाहण्याचा हक्क आहेच. माझा आक्षेप ‘जबाबदार पर्यटन’ या शब्दाला आपण दिलेल्या सोयीस्कर अर्थावर आहे.

हा अर्थ काय, तर प्लास्टिकची बाटली टाकू नका, मोठ्याने गाणी लावू नका, कचरा परत आणा. हे सगळं बरोबर आहे आणि ते करायलाच हवं. पण ही झाली साधी शिस्त. तेवढ्यावर जबाबदारी संपत असेल तर ती फारच स्वस्तात सुटली म्हणायची.

खरी जबाबदारी पाण्यापासून सुरू होते. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं. 2014 मध्ये पूर्ण झालेलं हे धरण 102 मीटर उंच आहे. त्यातून मुंबईला दिवसाला सुमारे 45 कोटी लिटर जादा पाणी मिळू लागलं. मुंबई महापालिकेच्या पाण्यातला वाटा ठाण्याला आणि आमच्या भिवंडीलाही मिळतो. आणि ज्या मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. बाया-मुली हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पाणी डोंगरात पडतं, साठतं धरणात आणि उघडतं आपल्या नळाला.

म्हणून मी म्हणते, आपण तिथे पाहुणे म्हणून जात नाही. आपण त्या माणसांचं देणं लागतो. ज्याचं देणं लागतो त्याच्या दारात जाऊन पाहुणचार मागायचा आणि वर ‘इथे सोयी नाहीत’ अशी तक्रार करायची, याला काय म्हणावं?

जव्हारला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणून विकलं जातं. हे कौतुक ऐकून मला धास्ती वाटते. बांधकामांच्या रेट्यापुढे 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणीला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर करावं लागलं. 2003 मध्ये माथेरानची पाळी आली. उन्हाळ्याच्या शेवटी भंडारदरा परिसरात काजवे पाहायला इतकी गर्दी उसळते की, वाहनांना आणि त्यांच्या दिव्यांना आवर घालायची वेळ वनखात्यावर येते. म्हणजे आधी बिघडवायचं आणि मग नियम करायचे. जव्हारमध्ये ही वेळ अजून यायची आहे, आणि तेवढीच संधी आपल्या हातात आहे.

‘अस्पर्शित निसर्ग’ हा जाहिरातीतला दुसरा लाडका शब्द. या दोन तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या इथे नागली आणि वरई पिकवत आले, जंगल राखत आले. त्यांचा हात लागलेल्या भूमीला अस्पर्शित म्हणायचं, म्हणजे ती माणसं मोजायचीच नाहीत. याच जव्हार तालुक्यात 1992-93 मध्ये वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने गेली. तेव्हा हा भाग महाराष्ट्राला दिसला. नंतर दिसला तो धबधब्याच्या रीलमध्ये.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: ‘पर्यटनाने रोजगार येतो.’ येतो, पण कोणता? पावसाळ्यातले आठ-दहा शनिवार-रविवार, आणि त्यातही वॉचमन, भांडी घासणं, खोल्या झाडणं. दिवाळी सरली की पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वाडी-खाणीत कामाला निघतात. तिथले लोक याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. ही माणसं कुठे जातात, हे भिवंडीत राहणाऱ्याने विचारू नये. आमच्या आजूबाजूच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणारे हात तेच असतात. जुलैत आपण त्यांच्या गावात निसर्ग शोधतो आणि जानेवारीत ते आपल्या गावात ताडपत्रीखाली राहतात. तेव्हा त्यांच्याकडे पाहायला आपली गाडी थांबत नाही.

रोजगार खरोखर द्यायचा असेल तर पैसा कोणाच्या हातात जातो आणि निर्णय कोण घेतो, हे पाहावं लागेल. त्यासाठी नवा कायदा नको, आहे तो पुरे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम ग्रामसभेला आपली साधनसंपत्ती आणि परंपरा राखण्याचा अधिकार देतात. अगदी एखाद्या पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिलं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. तरी कायद्याला वळसा घालणारे करार कसे होतात, हे ठाणे-पालघरमध्ये कुणाला शिकवायला नको. आपण रिसॉर्टची खोली घेताना स्विमिंग पूल आहे का विचारतो. जमीन कोणाची, बोअरवेल किती खोल, गावाने होकार दिला होता का, हे विचारत नाही.

दुसरी वाटही आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्यात आणि अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुण्यांना गावातच ठेवण्याचा प्रयोग झाला आहे. घरची भाकरी, गावचाच वाटाड्या आणि पैसे गावात. गर्दी किती झेपेल हे गाव ठरवू शकतं. धबधब्यावर ग्रामसभेने पावती फाडली तर वीस-पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपणच असतो. टोलनाक्यावर मात्र मुकाट पैसे भरतो. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, तेव्हाही आडवाटेने शिरणारे आपणच. काळमांडवीच्या धबधब्यात 2020 च्या जुलैमध्ये पाच तरुण बुडाले, हे विसरू नये.

आणि ते बिस्किटांचे पुडे! गाडीभोवती जमलेल्या पोरांना पुडे वाटायचे, फोटो काढायचे, स्टेटसला टाकायचे. आपल्या वाचकांना यातला अपमान वेगळा समजावून सांगायला नको. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर न विचारता चेहऱ्यासमोर कॅमेरा धरणारे आपण पाहतो. धारावीत ‘टूर’ घेऊन फिरणारे पाहतो. आपली वस्ती कुणाच्या तरी सहलीचा देखावा झाली की आत काय तुटतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग तोच कॅमेरा पाड्यावरच्या बाईकडे वळवताना हात का थरथरत नाही?

‘मग जायचंच नाही का?’ असा त्रागा काही जण करतील. न जाणं हीसुद्धा पळवाटच आहे. घरी बसल्याने नळ बंद होत नाही आणि देणंही फिटत नाही. जा, जरूर जा. गावातल्या घरात उतरा आणि त्यांनी सांगितलेला दर घासाघीस न करता द्या. पिण्याचं पाणी सोबत न्या. फोटो विचारून काढा, नाही म्हटलं तर कॅमेरा ठेवून द्या. फक्त पावसात जाऊ नका. बोहाड्याची सोंगं नाचतात तेव्हा गावाने बोलावलं तर जा. आणि एकदा मे महिन्यात जा, टँकरची रांग पाहायला.

परत आल्यावर खरं काम सुरू होतं. ज्या तालुक्यात धरण आहे त्या तालुक्यातल्या प्रत्येक पाड्याला बारमाही नळ का नाही, हा प्रश्न मुंबई, ठाणे, भिवंडीच्या नगरसेवकांना आणि आमदारांना विचारायचा आहे. मोखाड्याच्या लोकांनी तो अनेकदा विचारला आहे. त्यांची मतं थोडी आहेत म्हणून तो दाबला जातो. आपली मतं जास्त आहेत आणि पाणीही आपणच पितो. तेव्हा आता तो आपण विचारायला हवा.