विश्लेषण : दहावीच्या गुणांत घराचा वाटा किती, मित्रांचा किती?

दहावी-बारावीचा निकाल लागला की यशाचे श्रेय आणि अपयशाचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या पदरात पडतो. प्रत्यक्षात त्या गुणांवर घर आणि सोबतची मुले यांचाही मोठा प्रभाव असतो. तो नेमका कसा पडतो, याचा आढावा.

शाळेपेक्षा घर प्रभावी?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा १९६६ मधील अहवाल या विषयात पायाभूत मानला जातो. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीनंतर त्यांनी निष्कर्ष काढला, की शाळेच्या सोयीसुविधांतील फरकापेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा गुणांवर अधिक परिणाम होतो. त्याखालोखाल महत्त्वाचे ठरले ते वर्गातील सहाध्यायी. मात्र, वंचित गटांतील मुलांच्या प्रगतीत शाळेचा वाटा तुलनेने मोठा असतो, हेही त्यात दिसले.

घर मुलांना नेमके काय देते?

पैसा आणि शिकवणीच्या आधी घर देते तो अभ्यासाचा वेळ. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ अहवालानुसार रोज घरकाम करणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ८६ टक्के, तर मुलग्यांचे ६६ टक्के होते. बीडसारख्या जिल्ह्यातून कुटुंबे ऊसतोडीला जातात, तो हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन ऐन परीक्षेच्या तोंडावर संपतो. फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते. मुलांनी गावातच राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे ती म्हणूनच.

पालकांची अपेक्षा बदलू शकते?

हो. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एस्थर डुफ्लो त्याच्या सहलेखिका होत्या. जिथे आरक्षणामुळे लागोपाठ दोनदा सरपंचपद महिलेकडे होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी पालकांच्या अपेक्षांतील दरी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. शिक्षणातील मुला-मुलींमधील तफावत पुसली गेली आणि मुलींचा घरकामातील वेळही घटला.

मित्रांचा दबाव कसा काम करतो?

‘वाईट संगत’ हे त्याचे सोपे उत्तर. पण प्रश्न संगतीइतकाच ‘चारचौघांत काय दिसेल’ याचा असतो. लिओनार्दो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॉस एंजेलिसमधील अकरावीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालय प्रवेश परीक्षेच्या तयारीचा वर्ग मोफत देऊ केला. ‘नाव नोंदवल्याचे वर्गमित्रांना कळेल’ असे सांगताच साधारण तुकड्यांतील नोंदणी ११ टक्के बिंदूंनी घटली. काही विद्यार्थी हुशार आणि साधारण अशा दोन्ही प्रकारच्या तासांना बसत. त्यांचा निर्णय तर त्या क्षणी भोवती कोण आहे, यावर बदलला. म्हणजे मूल तेच, बुद्धी तीच. बदलले ते केवळ पाहणारे डोळे.

मग शाळा आणि पालकांनी काय करावे?

जादा तासाची गरज असलेल्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याऐवजी त्यांना एकेकटे गाठून विचारणे, ‘ढ तुकडी’ आणि ‘हुशार तुकडी’ असे शिक्के टाळणे, हे शाळांना बिनखर्चात जमण्यासारखे आहे. मित्र तोडायला लावण्यापेक्षा अभ्यास करणारा एखादा गट जोडून देणे पालकांच्या हाती आहे. आणि घरात मुलगा-मुलगी दोघेही दहावीला असतील, तर संध्याकाळची भांडी कोणाच्या वाट्याला येतात, हेही एकदा तपासून पाहायला हवे. गुणपत्रिकेवर नाव एकाचे असले, तरी त्यातला काही हिशेब घराचा आणि वर्गाचाही असतो.