वकिलाला इतिहास कशाला हवा?

घाटमाथ्यावरून

दहावीचा निकाल लागला की आमच्या भुशीत घरोघर एकच हिशेब मांडला जातो. नव्वदच्या पुढे सायन्स, मधल्यांना कॉमर्स आणि उरतील त्यांना आर्ट्स. ‘इतिहास शिकून पोट भरतं का?’ असं विचारणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. पण आपल्याच मावळात, तळेगाव दाभाड्यात, ज्यांचा बंगला स्मारक म्हणून जपला आहे, त्या बॅरिस्टरांनी या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर दिलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमधला मास्तर आपल्याला फारसा ठाऊक नसतो. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. इतर कॉलेजांची मुलंही त्यांच्या तासाला येऊन बसत. १९२३ मध्ये वकिली सुरू केली, तरी शिकवणं सुटलं नाही. १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे स्वतःची संस्था काढली, तेव्हा पहिलं कॉलेज कायद्याचं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं ते कला आणि विज्ञान शाखांचं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तास सकाळी भरत. सिद्धार्थ लॉ कॉलेज आलं त्यानंतर दहा वर्षांनी, १९५६ मध्ये.

हा क्रम का, ते महाडच्या खटल्यात दिसतं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात कुणीही जाऊन बसतं, जात कुणी विचारत नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी मात्र अस्पृश्यांना २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करून प्यावं लागलं. सवर्ण वादी कोर्टात गेले. अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रतिवादींत बाबासाहेब होते. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टाने वादींचं अपील फेटाळलं: वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध होत नाही. ‘अनादी म्हणजे कधीपासून? पुरावा काय?’ हे प्रश्न कायद्याचे आहेत, तितकेच इतिहासाचेही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसाला या प्रश्नांचं वजन वेगळं सांगावं लागत नव्हतं. जात कशी घडली, टिकली, पसरली यावर त्यांनी तिथे १९१६ मध्येच निबंध वाचला होता.

प्रश्न विचारण्याचं हेच मोल त्यांच्या संस्थेच्या औरंगाबादच्या कॉलेजच्या नावातही दिसतं. त्याला त्यांनी नाव दिलं मिलिंद. नागसेन भिक्षूला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करणारा राजा. विद्यार्थी असा हवा, ही त्यामागची अपेक्षा.

आज मावळात जमिनींना सोन्याचा भाव आहे आणि बांधाबांधावर ‘पूर्वापार वहिवाट’ हेच शब्द ऐकू येतात. कुणाची वहिवाट, कधीपासूनची, कोणत्या फेरफारात नोंदलेली, कोणाचं नाव कधी गळलं, हे वाचता येणारी मुलं गावात किती? आर्ट्सच्या मास्तरांनी यंदा मुलांना एकदा तलाठी कार्यालयात न्यावं, जुने सातबारे उघडावेत, घरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याशी ताडून पाहायला लावाव्यात. इतिहास तिथेच सुरू होतो. वकील पुढे कुणालाही करता येईल; पण अशिलाने कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याचं त्यालाच कळावं लागतं.

— घाटकरी, भुशी