मोनोची बाजू

गेल्या दिवाळीनंतर चार दिवस बोथला जाऊन आलो. बोथ कुठं आलं, हे आपल्या गोव्याच्या मंडळींना सांगायलाच हवं. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं हे गाव. आजूबाजूला कापसाची काळी रानं आणि सागाचं जंगल. घरात मराठी, बाजारात तेलुगू. १९५६ साली राज्यांची फेरआखणी झाली तेव्हा बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेलं आणि बोथ आंध्रात राहिलं. माझी धाकटी बहीण नांदेडला शिकायला होती, तिथंच तिचं लग्न जमलं आणि ती बोथची झाली. तर असा आमचा बोथशी संबंध.

किनवट स्टेशनवर भाचा घ्यायला आला होता. वय वर्षं सोळा. जीपमध्ये बसल्याबसल्या म्हणाला, "मामा, तुमच्या बीटल्सच्या सीडीवरची गाणी मी फोनमध्ये घालून घेतलीत. ऐकता का?" इअरफोनचं एक टोक त्यानं आपल्या कानात खुपसलं, एक मला दिलं. गाणं लावलं 'नोव्हेअर मॅन'. मी वाट बघत बसलो. माझ्या कानात चिडीचूप. वायर तुटली असणार असं वाटलं. त्याच्याकडे बघतो तर त्याची मान डोलते आहे! मग काही क्षणांनी माझ्याकडे एकदम गिटार आणि ड्रम सुरू झाले. गाणारे मात्र आलेच नाहीत. ते सगळे भाच्याच्या कानात.

वायर ठीक होती. १९६५ च्या 'रबर सोल' या अल्बमचं स्टिरिओ मिश्रणच तसं आहे. गाणारे एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला. आणि 'नोव्हेअर मॅन' सुरू होतं ते नुसत्या गळ्यांवर, वाद्यांशिवाय. म्हणजे माझ्या वाट्याला सुरुवातीची शांतता आली ती त्या मिश्रणाच्या नियमाप्रमाणेच आली.

गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण पुढचे चार दिवस ते डोक्यातून गेलं नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

आधी बीटल्सचं सांगून टाकतो. 'प्लीज प्लीज मी' हा त्यांचा पहिला अल्बम. त्यातली बहुतेक गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. यंत्र दोन ट्रॅकचं. एका ट्रॅकवर गळे, एकावर वाद्यं. जॉर्ज मार्टिन यांनी हे वेगळे ठेवले ते डावीउजवीकडे टाकण्यासाठी नव्हे, तर नंतर दोन्ही एकत्र करताना गळा किती वर आणि वाद्यं किती खाली हे नीट ठरवता यावं म्हणून. अंतिम वस्तू मोनोच. तेव्हा इंग्लंडातली पोरं एका स्पीकरच्या प्लेयरवर नाहीतर ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकायची. स्टिरिओ ही मोजक्या शौकिनांची चैन होती. मग कंपनीला स्टिरिओ आवृत्ती हवी झाली तेव्हा तेच दोन ट्रॅक दोन टोकांना टांगले आणि मोकळे झाले.

१९६७ च्या 'सार्जंट पेपर'पर्यंत तंत्र कितीतरी पुढं गेलं, पण रिवाज तोच. मोनोच्या मिश्रणाला चारही बीटल्स जातीनं हजर, एकेका गाण्यावर डोकेफोड. स्टिरिओचं काम मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी नंतर थोड्या दिवसांत उरकलं, त्यांच्या अनुपस्थितीत. त्यामुळे दोन्हींत फरक राहिले. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जरा जलद आणि वरच्या सुरात आहे, स्टिरिओत तेच गाणं संथ आणि खालच्या सुरात. पुढची कित्येक वर्षं जगानं ऐकला तो स्टिरिओच. ९ सप्टेंबर २००९ ला मोनो मिश्रणांचा संच सीडीवर आला तेव्हा पन्नाशीतली माणसं म्हणू लागली, अरे, हे तर वेगळंच गाणं आहे! २०१७ साली जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी 'सार्जंट पेपर'चं नवं स्टिरिओ मिश्रण केलं तेव्हा समोर नमुना म्हणून ठेवला तो बापानं केलेला मोनोच.

बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनची गोष्ट तर याहून बोलकी. त्याला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. १९६६ चा 'पेट साउंड्स' त्यानं मोनोतच केला. जगातल्या थोर अल्बमांत ज्याचं नाव घेतलं जातं तो एका कानाच्या माणसानं एका कानासाठी रचलेला आहे. तरी अमेरिकेत त्याची 'स्टिरिओ' प्रत विकली गेलीच. खालचे सूर एकीकडे, वरचे दुसरीकडे, मध्ये किंचित अंतर... इलेक्ट्रॉनिक हातचलाखी. खरं स्टिरिओ मिश्रण १९९० च्या दशकात मूळ टेपांवरून झालं, ते विल्सनच्या संमतीनं.

आता बोथच्या घरी येतो. बहिणीचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, यांच्याकडे एका स्पीकरचा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे आणि तो अजून चालतो. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी शंकर-जयकिशन यांच्या एका गाण्याची रेकॉर्ड लावली. गाण्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं जे सांगणार ते शेकडो गाण्यांना लागू आहे. खरखर होती, पण बाई समोर बसून गाते आहे असं वाटत होतं. मागं व्हायोलिनं आपली वेगळीच वाट चालत होती आणि बाईचा श्वास संपला की नेमकी पुढं येत होती. भाच्यानं उत्साहानं तेच गाणं फोनवर शोधून मोठ्या स्पीकरला जोडलं. 'स्टिरिओ' म्हणून होतं, वर नवा ताल चढवलेला. आबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात बाई कुठं गेली? आन् हे ढोल कोण वाजवायलाय?"

मला तिथंच जीपमधली शांतता आठवली.

मंडळी, ती व्हायोलिनं आपल्या घरची आहेत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा यांची. गाणाऱ्याच्या चालीमागं दुसरी सुरावट चालवायची आणि तरी चालीवर कुरघोडी होऊ द्यायची नाही, ही त्यांची खासियत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हेही गोंयकारच. पारोकियाल शाळेत मेस्त्रीच्या छडीखाली सोल्फेज घोटलेली ही पिढी मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद तिनं उभा केला. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं, आणि त्यात गैर काही नाही, पण पाटीवर यांची नावं क्वचितच आली. २००८ साली ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकानं त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हे प्रथम कळलं.

ते काम कसं व्हायचं, ते लक्षात घ्या. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मीनू कात्रक ध्वनिमुद्रणाला बसलेले. गायक, व्हायोलिनं, तबला, ढोलकी, बासरी सगळे एकाच वेळी वाजवणार. माइक मोजके. एखादं वाद्य जास्त येतंय, तर वादकानं खुर्ची मागं सरकवायची. बासरी पुसट वाटली तर दोन पावलं पुढं. एक चुकला की सगळे पहिल्यापासून. जे मिश्रण व्हायचं ते तिथल्या तिथंच, आणि तेच कायमचं. मागाहून गळा वेगळा आणि वाद्यं वेगळी काढायला काही शिल्लकच नसायचं.

बीटल्सची आणि आपली स्थिती वेगळी ती इथं. त्यांच्याकडं टेपा आहेत, एकाच सामग्रीचा मोनोही होतो आणि स्टिरिओही. दोन्ही ऐकून कोणता सरस यावर आयुष्यभर भांडता येतं. आपल्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बहुतेक गाण्यांना एकच मिश्रण आहे. त्यांचा 'स्टिरिओ' म्हणून जो काही विकला जातो तो एकतर मोनोवर केलेली हातचलाखी असते, नाहीतर नव्यानं वाजवून चिकटवलेलं काहीतरी. म्हणजे आपल्याकडं प्रश्न आवडीनिवडीचा नाही, मूळ संहितेचा आहे.

याला एक तांत्रिक बाजूही आहे. स्टिरिओत दोन वाद्यांची टक्कर होत असेल तर एक डावीकडं, एक उजवीकडं बसवता येतं. मोनोत सगळ्यांना एकाच दारातून यायचं असतं. म्हणून रचनाकाराला जागा कराव्या लागतात. गळा ज्या पट्टीत आहे तिथं व्हायोलिन आणायचं नाही, वर किंवा खाली न्यायचं. बासरीनं गाणारा थांबेल तेव्हा यायचं. ते जे रिकामं वाटतं ते विसरून राहिलेलं नाही, राखून ठेवलेलं आहे. सेबॅस्टियनबाबांनी हिशेबानं मोकळ्या ठेवलेल्या त्या जागेत कोणी झंकार बीट्सचा ढोल बसवला तर ते जुन्या घराच्या राजांगणावर पत्रे घालून खोली काढण्यासारखं आहे. जागा वाढली म्हणून घरमालक खूश, आणि घरात उजेड नाही.

आता दुसरी बाजू. मी स्टिरिओचा वैरी नाही. बीटल्सच्याच १९६९ च्या 'ॲबी रोड'चं मोनो मिश्रण केलंच नव्हतं, आणि तो स्टिरिओतच शोभतो. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' एका स्पीकरवर ऐकणं म्हणजे मांडवीचा पूल एका डोळ्यानं बघणं. १९७५ साली 'शोले' सत्तर एमएमवर स्टिरिओत आला आणि जयचं नाणं पडलं तेव्हा लोक खुर्चीखाली शोधू लागले असं सांगतात. आपल्या रेमोनं १९८४ चा 'गोअन क्रेझी' शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्यानं थरावर थर चढवून केला. तिथं वाद्यं कुठं बसवायची हा त्याचा स्वतःचा निर्णय. आणि खरं सांगायचं तर स्टिरिओ आपल्याला परका कधीच नव्हता. चवथीच्या आरतीला मध्ये उभे राहून बघा. घुमट एकीकडं, शामेळ दुसरीकडं, कांसाळं पाठीमागं. यापेक्षा सरस स्टिरिओ कुठल्या कंपनीनं दिलाय?

मुद्दा एवढाच, की ज्यानं जे केलं ते त्यानं जसं केलं तसं आधी मिळालं पाहिजे. 'मुघल-ए-आझम' (१९६०) २००४ साली रंगीत होऊन आला तेव्हा जुने गळे तसेच ठेवून वाद्यसंगीत नव्यानं ध्वनिमुद्रित झालं. तिथं निदान नौशाद स्वतः हयात होते आणि त्यांच्या देखरेखीखाली ते झालं. सेबॅस्टियन डिसोझांना आता कोण विचारणार? आज तर यंत्रं मोनोतूनही गळा आणि वाद्यं वेगळी काढून देऊ लागली आहेत. २०२२ साली बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं नवं मिश्रण याच तंत्रानं झालं, आणि चांगलं झालं. पण तिथं जुना मोनो, जुना स्टिरिओ आणि नवं मिश्रण तिन्ही नीट नावानिशी उपलब्ध आहेत. आपल्याकडं तेच तंत्र आलं की सजवलेली प्रत दुकानात आणि मूळ प्रत अडगळीत, अशी भीती वाटते. भाच्याच्या पिढीनं मूळ कधी ऐकलंच नसेल तर हरवलं काय, हेही तिला कळणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मूळ मोनो प्रत ताल न घालता, न ताणता मिळाली पाहिजे. बदल केला असेल तर तसं स्पष्ट छापलं पाहिजे. आणि वाद्यरचनाकाराचं नाव ठाऊक असेल तर ते द्यायला आता तरी हरकत नसावी.

आपणही थोडं करू शकतो. मोनो रेकॉर्डचा आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. स्टिरिओ पिन उभी हालचालही टिपते, आणि मोनोच्या खाचेत ती निव्वळ खरखर. तेव्हा घरच्या रेकॉर्डी संगणकावर उतरवताना मोनोचं बटण दाबा, निम्मी खरखर तिथंच जाते. फोनमध्येही मोनोची सोय असते, ज्यांना एका कानानं कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी. पण ती फक्त डावंउजवं एकत्र करते. त्यानं मूळ मोनो मिश्रण परत येत नाही, हे ध्यानात असू द्या.

मोनोला अपुरा म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानं अंतराळात गेली त्यांच्यासोबत आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी गेली. ७८ गतीच्या तबकडीवरचं ते जुनं ध्वनिमुद्रण, अर्थातच मोनो. त्याला स्टिरिओ करून पाठवावं असं कुणाला वाटलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री भाचा आबांच्या प्लेयरपुढं मांडी घालून बसला होता. तेच गाणं तिसऱ्यांदा लावलेलं. मी विचारलं, काय शोधतोस? म्हणाला, "मामा, ती व्हायोलिनं बाई थांबल्यावरच येतात न?"

तुमच्या माळ्यावर अशा रेकॉर्डी असतील तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका.