‘प्रश्न उद्भवत नाही’ की उद्भवू दिला जात नाही?

विधिमंडळातील प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्यांनी लक्षपूर्वक वाचली असेल, त्यांस तिच्यातील ठराविक साचा ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल. सभासद विचारतात, “अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय?” मंत्रिमहाशय उत्तरतात, “हे खरे नाही.” मग पुढील साऱ्या कलमांपुढे तीन शब्द येतात: “प्रश्न उद्भवत नाही.” फार झाले तर “अंशतः खरे आहे” किंवा “कार्यवाही सुरू आहे.” वृत्तपत्रे, ग्रंथालये, नाट्यकला आणि आखाडे या विषयांवर नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी सरकारास कसे विचारावे, एवढ्यापुरतेच आज आम्ही लिहिणार आहो.

न्यायालयात उलटतपासणी घेणारा शहाणा वकील साक्षीदारास ‘होय की नाही’ असा प्रश्न केव्हा टाकतो? खोटे उत्तर हाणून पाडणारा कागद त्याच्या हाती असतो तेव्हा. येथे कागद असतो सरकारच्या कपाटात. मग “हे खरे आहे काय” असे विचारणे म्हणजे साक्षीदारास सुटकेची वाट आपणच दाखवून देणे होय. प्रश्नातील एखादी तारीख चुकली, एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, की “हे खरे नाही” हे उत्तर अक्षरशः बरोबर ठरते आणि मूळ तक्रार जागच्या जागी राहते.

कोणी म्हणेल, ज्या मुलखात पाण्यासाठी वणवण चालते, तेथे नाटके आणि कुस्त्यांची चर्चा कशास? या आक्षेपास आमच्या मराठवाड्याच्या इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. निजामी अमलात ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध फर्मानान्वये सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. खासगी शाळा आणि आखाडे यांनाही असेच निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. जुलमी सत्ता जुलमी असली तरी मूर्ख नसते. वाचणारा, एकत्र बसणारा आणि दंडबैठका काढणारा तरुण उद्या प्रश्न विचारील, हे तिने ओळखले होते. त्याच तरुणांच्या बळावर १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस उजाडला.

ज्या तीन गोष्टींची निजामास धास्ती होती, त्यांची आमच्या लोकसत्ताक सरकारास साधी मोजदादही करावीशी वाटली नाही, हे मात्र खेदाने म्हणावे लागते. १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनावर मराठवाडा महाराष्ट्रात आला. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद केली. १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा बाबींचा. तो मोजणे अवश्यच होते. परंतु ग्रंथालय, रंगमंच, क्रीडांगण यांचा अनुशेष त्या कोष्टकात नव्हता. १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली. जे मोजले नाही ते मागता आले नाही, आणि जे मागितले नाही ते मिळाले तरी कृपा म्हणूनच मिळाले.

कृपेचा तोटा या जिल्ह्यांस कधी नव्हता. शंकरराव चव्हाण व अशोक चव्हाण हे नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर व विलासराव देशमुख हे लातूरचे. म्हणजे राज्याचे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले. अलीकडच्या काळात सांस्कृतिक कार्य खाते लातूरच्या अमित देशमुख यांच्याकडे आणि क्रीडा खाते उदगीरच्या संजय बनसोडे यांच्याकडे होते. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीर येथे भरले, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी उतरतो, आणि मंत्रिपदाचा मांडवही कधी ना कधी उतरतोच. मागे उरते ते कागदावर मिळविलेले आश्वासन. ते मिळविण्याचे साधन प्रश्न हेच आहे.

या कामास लागणारी माणसे आमच्या मातीत झालीच नाहीत, असे नव्हे. कंधारचे केशवराव धोंडगे पाच वेळा विधानसभेत व १९७७ साली लोकसभेत निवडून गेले. ‘जयक्रांती’ साप्ताहिकाचे ते संपादक होते, आणि गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवून संस्कृती ही केवळ शहरातील दिवाणखान्याची मिरास नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. १ जानेवारी २०२३ रोजी ते निवर्तले. त्यांची सर्व मते सर्वांस पटत असत असे नाही. परंतु संपादकाची लेखणी आणि सभासदाचा प्रश्न ही एकाच कामाची दोन हत्यारे आहेत, हे त्यांनी जाणले होते.

कोणता प्रश्न कोठे विचारावा, हेही कायद्याने ठरविलेले आहे. आकाशवाणीचा विषय संघसूचीत असल्यामुळे तिच्याविषयी मुंबईत विचारून उपयोग नाही. तो खासदारांचा प्रांत. वृत्तपत्रे व छापखाने समवर्ती सूचीत येतात. ग्रंथालये, नाट्यप्रयोग व क्रीडा हे विषय मात्र राज्यसूचीतील आहेत. तेथे केंद्राकडे बोट दाखविण्याची सोय राज्य सरकारास नाही.

आता विचारावे कसे? ‘खरे आहे काय’ हे शब्द वगळून ‘किती’, ‘केव्हा’ आणि ‘कोणाकडे’ या शब्दांनी प्रश्नास आरंभ करावा. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके. प्रत्येकातील क्रीडासंकुलासाठी जागा केव्हा मिळाली, निधी किती मंजूर झाला, खर्च किती झाला, आणि तेथे मार्गदर्शक किती नेमले? लातूरच्या मातीने १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार दिले. नांदेडच्या भाग्यश्री जाधव यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताचा ध्वज धरला. अशा खेळाडूंच्या गावापासून सरावाचे मैदान किती कोसांवर आहे, याचे उत्तर सरकारने आकड्यात द्यावे. १९६७ च्या कायद्यान्वये चालणाऱ्या ग्रंथालयांस अनुदानाचा हप्ता कोणत्या तारखेस पोचला? पत्रकारांवरील हल्ल्यांस आळा घालणारा कायदा २०१७ साली संमत झाला. त्याखाली या दोन जिल्ह्यांत किती गुन्हे नोंदले गेले व किती शाबीत झाले? लहान पत्रांस सरकारी जाहिरातींचे किती रुपये मिळाले, आणि किती देयके थकली आहेत? या शेवटच्या प्रश्नात आमचाही स्वार्थ आहे, तो आम्ही लपवीत नाही. म्हणूनच उत्तर सर्वांदेखत सभागृहात यावे, असे आम्ही म्हणतो.

अशा प्रश्नास “हे खरे नाही” असे उत्तर देताच येत नाही. उत्तरात आकडा दिला तर पुढील अधिवेशनात त्याची पडताळणी करता येते. आकडा टाळला तर तारांकित प्रश्नावर उपप्रश्न आहेत, अर्ध्या तासाची चर्चा आहे. “लवकरच करू” म्हटले तर आश्वासन समिती आहे. ही सारी शस्त्रे म्यानात गंजू देणे हा मतदारांचाच अपमान होय.

तथापि सर्व दोष प्रतिनिधींच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. आमदारास आपण लग्नाचे आमंत्रण देतो, बदलीची चिठ्ठी मागतो, उद्घाटनाची तारीख मागतो. प्रश्नाचा मसुदा त्याच्या हाती कितीजण देतात? नांदेडचे नऊ आणि लातूरचे सहा असे पंधरा आमदार विधानसभेत बसतात. प्रत्येक ग्रंथालयाने, तालमीने व नाट्यसंस्थेने आपल्या आमदाराकडे अधिवेशनापूर्वी एकच प्रश्न, पुराव्याच्या कागदांसह, लेखी पाठवावा आणि त्याची पोच मागावी. प्रश्न कोणी विचारला, काय उत्तर आले आणि कोणी विचारलाच नाही, हे तिन्ही छापण्याचे काम आमचे. ते आम्ही पक्ष न पाहता करू.