चिठ्ठी आणि सुरक्षितता
ब्रिटनमध्ये पुष्कळ कारखान्यांत व कचेऱ्यांत ड्रिल, पंखा, किटली अशा विजेच्या उपकरणांवर चाचणीनंतर ‘उत्तीर्ण’ अशी हिरवी चिठ्ठी चिकटविली जाते. कामाच्या जागेवरील विजेसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनी धोका टाळण्यासाठी उपकरणे सुस्थितीत राखण्याचे बंधन घातले. चिठ्ठीची सक्ती मात्र केली नाही. हे योग्यच होय. चिठ्ठी केवळ चाचणीच्या दिवसाची साक्ष देते. दुसऱ्याच दिवशी वायरीचे आवरण फाटले, तर ते प्रथम दिसते उपकरण हाती धरणाऱ्या कामगाराला. म्हणूनच मान्यताप्राप्त संघटनांनी नेमलेल्या सुरक्षा-प्रतिनिधींना १९७७ च्या नियमांनी दिलेला तपासणीचा हक्क अधिक मोलाचा आहे. सदोष उपकरण बाजूला ठेवणाऱ्या कामगाराला रोजगाराची धास्ती वाटत असेल, तर ती हिरवी चिठ्ठी मालकाचेच रक्षण करील, कामगाराचे नव्हे.