दूरचे भिंग

घोडा घेतला की लगाम घ्यावा लागतो आणि लगाम घेतला की खोगिराची गोष्ट निघते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे सत्य माणसाला खरेदीनंतर साधारण तीन महिन्यांनी उमगते. पहिले तीन महिने गृहस्थ खूश असतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्समधून गॅलरीतली कुंडी, जिन्यातले मांजर, धाकट्या मेव्हणीचे डोहाळजेवण असे सगळे साग्रसंगीत टिपून होते. मग एके सकाळी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर घार येऊन बसते. गृहस्थ धावत कॅमेरा आणतात, लेन्स फिरेल तेवढी फिरवतात, बटण दाबतात आणि पाहतात तो काय! फोटोत टाकी आहे, इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले धोतर आहे, आणि घारीच्या जागी एक तीळ आहे. त्या तिळापासून झूम लेन्सचे आख्यान सुरू होते.

आता तुम्ही म्हणाल, फोनच्या जमान्यात हा जडशीळ कॅमेरा अजून घेतो कोण? अहो, घेतात. मोठ्या कंपन्यांनी आपला मोहरा आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळवला आहे हे खरे. निकॉनने २०१८ साली काढलेला डी ३५०० हा नवशिक्यांचा लाडका कॅमेरा, तोही आता बनत नाही. पण त्यामुळेच असे कॅमेरे आणि त्यांच्या लेन्सा हातबदलीच्या बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळू लागल्या आहेत. शिकणाऱ्याला पुस्तक जुने असले तरी चालते, पाने शाबूत असली म्हणजे झाले.

आमच्या भाचीने असाच एक जुना कॅनन घेतला. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून घेतला, आणि पुन्हा शिकवण्या करून लेन्ससाठी पंधरा हजार रुपये साठवले. ही रक्कम दुकानदाराला चिल्लर वाटते. ज्याने ती त्रिकोणमितीच्या घाण्याला जुंपून घेऊन मिळवली आहे, त्याला वाटत नाही. ती चुकीच्या लेन्सवर गेली असती तर पुन्हा साठायला आणखी एक वर्ष गेले असते.

"मामा, तू तरी नीट ऐकून घे," ती म्हणाली. "बाबांचं एकच पालुपद. घ्यायची तर सगळ्यांत मोठी घे."

भाऊजींचे एक आहे. शर्टापासून फ्रीजपर्यंत सगळ्या वस्तू ते आकड्यावर घेतात. दुकानातल्या पोऱ्यानेही तिला दोन लेन्सा दाखवल्या होत्या आणि दोहोंवर तीनशेचा आकडा होता. भाऊजींचे मत तत्काळ पक्के झाले. मी मात्र तिला म्हटले, "बाळ, आधी सूत्राचा अर्थ लावू, मग प्रमाण मानू."

लेन्सचे नाव हे खरोखरच एक सूत्र असते. '५५-२५० एफ/४-५.६ आयएस' हे वाचले की नवशिक्याला घाम फुटतो. पण जुन्या भाष्यकारांप्रमाणे पद सोडवत गेले की गाठ उकलते. पहिली जोडी नाभीय अंतराची, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तितके दृश्य रुंद. आकडा मोठा तितके दृश्य अरुंद आणि दूरची वस्तू मोठी. ज्या लेन्समध्ये हे अंतर बदलता येते ती झूम. झूम म्हणजे लांबचे, ही लोकांची समजूत काही खरी नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ हीसुद्धा झूमच. १९५९ साली फोक्टलेंडर कंपनीने स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी 'झूमार' नावाची पहिली झूम लेन्स विकायला काढली, ती ३६-८२ मिलिमीटरची होती. तिच्यातून टाकीवरची घार काही फार मोठी दिसली नसती.

मग २५० आणि ३०० यांत फरक किती? भाऊजींच्या समाधानासाठी आम्ही कागदावर हिशेब मांडला. भाचीच्या कॅमेऱ्यातला संवेदक साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे. वीस मीटरवर चिमणी बसली आहे असे धरा. २५० वर फोटोत पावणेदोन मीटर रुंदीचा देखावा येतो, ३०० वर दीड मीटरचा. चिमणीची लांबी पंधरा सेंटिमीटर. म्हणजे एका फोटोत ती रुंदीचा बारावा हिस्सा व्यापणार, दुसऱ्यात दहावा. दोन्हीकडे चिमणी चिमणीएवढीच! याउलट हळूच पुढे सरकून पाच मीटरवर पोचलात, तर २५० वरच ती फोटोचा तिसरा हिस्सा व्यापते. पाय ही देवाने दिलेली झूम लेन्स आहे, आणि तिचा हप्ता भरावा लागत नाही.

"पण भिगवणचे रोहित?" भाचीने विचारले. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येणाऱ्या रोहितांचे तिला फार दिवसांपासून वेध आहेत. तिथे पाण्यात पाय टाकून पुढे सरकता येत नाही, हेही खरे. पण रोहित म्हणजे सव्वा मीटर उंचीचा पक्षी. पन्नास मीटरवरून २५० ची लेन्स लावली तर फोटोची उंची तीन मीटरांच्या देखाव्याची होते. त्यात एक रोहित ऐटीत उभा राहतो आणि शेजारी दुसऱ्यालाही जागा उरते. नावाड्याला मात्र सांगावे लागते की थवा उडवू नकोस, आम्ही बसलेलेच पाहायला आलो आहोत.

सूत्रातले दुसरे पद प्रकाशाचे. एफ पुढचा आकडा जितका लहान, तितके दार मोठे. चारच्या तुलनेत ५.६ ला निम्मा प्रकाश आत येतो. '४-५.६' याचा अर्थ इतकाच की लेन्स लांब केलीत की दार आपोआप अरुंद होणार. उन्हात याने काही बिघडत नाही. मंगल कार्यालयात, नाट्यगृहात, दिवेलागणीला मात्र बिघडते. ज्या लेन्सा लांबूनही २.८ चे दार उघडे ठेवतात, त्यांतली ७०-२०० ही प्रसिद्ध. तिचे वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत ऐकून यजमानांना बसायला खुर्ची लागते. नवशिक्याने तिचे दर्शन घ्यावे आणि नमस्कार करून पुढे जावे. घरातल्या मंद उजेडासाठी ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची साधी स्थिर लेन्स पुष्कळ स्वस्तात मिळते आणि ५.६ च्या मानाने तिच्यातून नऊपटीहून अधिक प्रकाश येतो.

शेवटचे पद आयएस. लहान आहे, पण सगळा अर्थ त्यातच आहे. लांब लेन्समध्ये वस्तू मोठी होते तसा हाताचा कंपही मोठा होतो. जुना ठोकताळा असा की, नाभीय अंतर जितके तितकावा सेकंदाचा भाग निदान हवा. आणि या छोट्या संवेदकाच्या कॅननवर त्याला १.६ ने गुणावे. म्हणजे २५० वर एक चारशेअंश सेकंद. ढगाळ दिवशी एवढा वेग परवडत नाही. कंप सावरणारी यंत्रणा लेन्समध्ये असली तर तीनेक पायऱ्या खाली, एक पन्नासांशापर्यंत उतरता येते. कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. नावे चार, देव एक. मात्र ती आपला हात सावरते, समोर पळणारे पोर नव्हे. त्याला वेगच लागतो.

दुकानातल्या त्या दोन लेन्सांपैकी ७५-३०० स्वस्त होती, पण तिच्यात हे सावरणे नव्हते. दुसरी १८-३००, एकाच नळीत सारे संसारसुख. पण जड, आणि किंमत तिच्या पुंजीच्या बाहेर. निकॉनवाल्यांना आणखी एक पथ्य आहे. त्यांच्या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर फोकस आयुष्यभर हाताने करावा लागतो. आणि नवी एएफ-पी घेतली, तर ती काही जुन्या कॅमेऱ्यांवर चालतच नाही. लग्नाआधी गोत्र विचारावे तसे हे दुकानातच विचारावे.

एवढे सारे झाले तरी खरा प्रश्न उरतोच: आपल्याला नेमके काय कमी पडते? याचे उत्तर दुकानात नसते, आपल्याच फोटोंत असते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तो किती मिलिमीटरवर काढला त्याची नोंद ठेवतो. मी भाचीला म्हटले, "गेल्या तीन महिन्यांतले फोटो काढ आणि ५५ वर अडलेले तेवढे वेगळे कर. तिथं तुझा हात पुढं जायला पाहत होता आणि लेन्स संपली होती."

तिने रात्री बसून ते केले. दुसऱ्या दिवशी आली ती जरा गप्पच होती. पक्ष्यांचे फोटो निघाले, पण मूठभर. बाकीचे, ध्यानीमनी नसताना, आजीचे निघाले. आजी खिडकीशी गवार मोडताना, आजी जपमाळ हातात घेऊन पेंगताना, आजी शेजारच्या बाळाला दारातून वेडावताना. सगळे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून काढलेले, आणि सगळ्यांत आजी लहान, मधे टेबल, पंखा, कॅलेंडर.

"जवळ गेले की ती पदर सारखा करून पासपोर्टला बसल्यासारखी बसते," भाची म्हणाली. "लांबून काढावा तर अशी दिसते."

त्या घरात या गोष्टीला एक मागची कथा आहे. भाचीचे आजोबा शाळामास्तर होते. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो निघाला नाही. शाळेच्या गॅदरिंगचा एक मिळाला, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, चेहरा तुरीच्या डाळीएवढा. तो मोठा करून घेतला. ठिपके मोठे झाले, आजोबा काही झाले नाहीत. भिंतीवर आज तेच ठिपके आहेत आणि आजी रोज त्यांना हार घालते. आजीचे वय ८६.

यापुढे निवड करायला काही उरले नव्हते. १०० मिलिमीटरवर दहा फुटांवरून आडव्याऐवजी उभा फोटो धरला, तर चेहरा आणि खांदे नेमके चौकटीत बसतात. अंतर राखल्याने नाक फुगत नाही, कान मागे जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे माणसाला आपला फोटो निघतो आहे याचा पत्ता लागत नाही. २५० वर हेच पंचवीस फुटांवरून साधते. सावरण्याची यंत्रणा असलेली ५५-२५० ची एसटीएम ही २०१३ सालची लेन्स, वजन जेमतेम ३७५ ग्रॅम, फोकस हळूवार. आम्ही हातबदलीची घेतली आणि ५० मिलिमीटरसाठीही थोडे पैसे उरले. भाऊजींनाही एक समाधान मिळाले: पुढेमागे आरसा नसलेला कॅनन घेतला, तर अडॅप्टर लावून ही लेन्स त्यावरही चालते.

हातबदलीची घेताना आम्ही काय पाहिले ते सांगतो. मोबाइलची बॅटरी मागून लावून काचेतून आरपार पाहिले. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स फुकटही घेऊ नये. झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता फिरते ना, ५५ वर आणि २५० वर दोन्हीकडे फोकस बसतो ना, हे फोटो काढून, मोठे करून पाहिले. आणि घरी आल्यावर लेन्स कपाटात साड्यांच्या घडीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली. आपल्याकडचा पावसाळा भिंगाला मनापासून आवडतो, आणि भिंगावर बुरशी धरली की काढणे कठीण.

परवा वसुबारसेला ताईकडे गेलो होतो. भाची स्वयंपाकघराच्या दारात कॅमेरा लावून उभी, आजी बाहेरच्या खोलीत पणत्या पुसत बसलेली. आजीला एवढ्यात चाहूल लागली.

"किती लांबचं दिसतं गं तुला त्यातून?"

"खूप लांबचं, आजी."

"मग जवळचंही बघ जरा. तुझ्या मागं दूध उतू चाललंय."

भाचीने आधी बटण दाबले आणि मग गॅस बंद केला. दूध थोडे गेले. आजी हसली, ते आले आहे.