ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

"या वयात मोबाईल घेऊन करायचे काय? फोन आला की आम्ही देतोच बोलायला!" हे वाक्य वृद्धाश्रमांच्या कार्यालयात ऐकू येते आणि आमच्या शिकलेल्या, नोकरदार, कॉलनीत राहणाऱ्या घरांतही तितक्याच सहजपणे ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात पाप असतेच असे नाही. परंतु पेन्शनचा मेसेज, बँकेचा ओटीपी, गॅसचे बुकिंग, नातवंडांचे तोंड हे सारे ज्या देशात हातभर सुद्धा नसलेल्या एका काचेत जाऊन बसले आहे, त्या देशात एका सज्ञान नागरिकाला त्या काचेपासून दूर ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

सरकारने तो केला नाही, हे आधी सांगून टाकू. २०१७ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. घरटी एक माणूस, असे सहा कोटी ग्रामीण कुटुंबांत मोबाईल-संगणक चालविण्याचे शिक्षण पोहोचविण्याचा घाट घातला. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना प्राधान्य, हेही लिहिले. पण वयाची अट काय ठेवली? १४ ते ६०! म्हणजे ज्याला शिकविण्याची सर्वांत जास्त गरज, तो दारातच अडला. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपलेसुद्धा. योजना ग्रामीण भागापुरती, म्हणून शहरातला म्हातारा तसाही बाहेरच होता. हयातीचा दाखला ऑनलाईन द्या असे साठीच्या पुढच्या माणसाला सांगायचे आणि ऑनलाईन म्हणजे काय ते मात्र साठीच्या आतल्यालाच शिकवायचे, या कारभाराला काय म्हणावे?

आमची एक मावशी नगरपालिकेच्या झाडूखात्यातून निवृत्त झाली. शिक्षण चौथी. छापील मराठी अडखळत का होईना, वाचते. गेली काही वर्षे ती एका वृद्धाश्रमात आहे. ती तिथे का गेली, मुलाने ठेवायला नको होते का, या चर्चेत आम्हाला पडायचे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात तेव्हा असे निर्णय कसे होतात ते या पानाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही भेटायला गेलो तर मावशीने थेट प्रश्न टाकला, "माझी पेन्शन किती येते, ते मला दुसऱ्यानं का सांगावं?" वकिली करताना आम्ही पुष्कळ दावे वाचले आहेत. इतका नेमका दावा क्वचित वाचला.

पुढच्या खेपेला मोबाईल आणि तिच्या नावाचे सिमकार्ड घेऊन आम्ही गेलो. इथे एक गोष्ट तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी. म्हातारी माणसे शिकत नाहीत, हे साफ खोटे आहे. अडते ते बोटांपाशी. तीस वर्षे झाडू धरलेल्या बोटांची कातडी कोरडी, भेगाळलेली असते आणि मोबाईलची काच कोरड्या बोटाला ओळ देत नाही. मग माणूस जोर लावतो, बोट दाबून धरतो. दाबून धरले की ती चित्रे जागची हलू लागतात, नको ते उघडते, आणि आपण म्हणतो, "राहू दे, मावशी, मी करतो." तिथेच सगळे संपते. बोटाला थोडे खोबरेल लावून, "दाबायचं नाही, टिचकी मारायची" एवढे सांगितल्यावर मावशीचा अर्धा त्रास गेला. अक्षरे मोठी केली. भाषा मराठी केली. पडद्यावर चारच चित्रे ठेवली, बाकीची काढली. टंकलेखनाच्या भानगडीत पडलोच नाही. माईकचे चित्र दाबून मराठीत बोलले की मोबाईल लिहून देतो, हे पाहून ती हसली आणि पहिले वाक्य बोलली ते आश्रमातल्या आमटीविषयी. ते इथे छापण्यासारखे नाही.

एका वेळी एकच गोष्ट. आधी फोन घेणे, मग फोन करणे, मग व्हॉट्सॲपवर नातीचा चेहरा पाहणे. प्रत्येक गोष्ट एका दोनशेपानी वहीत मोठ्या अक्षरात, पायरीपायरीने, चित्र काढून. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोट तिचे. शिकविणाऱ्याने हात पाठीमागे बांधून बसावे. आमच्या मुलीला हे जमले, आम्हाला पहिल्या दिवशी फार जड गेले.

आता खरा अडथळा. तिसऱ्या आठवड्यात कळले की संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे मोबाईल कार्यालयाच्या कपाटात जातात. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "भांडणे होतात, झोपमोड होते, आणि उद्या कुणी फसविले तर जबाबदारी आमची." आश्रमाचे नाव आम्ही घेत नाही, कारण हा प्रश्न एका आश्रमाचा नाही. आवाज बंद ठेवा हा नियम आम्हाला मान्य. वस्तूच काढून घ्या हा नियम कुठल्या कायद्यात बसतो? वृद्धाश्रमात दाखल होणे म्हणजे शिक्षा भोगायला जाणे नव्हे.

केरळमध्ये एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात असाच नियम होता. संध्याकाळी ठरावीक वेळेत मुलींनी मोबाईल वापरायचा नाही. फहिमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्येच सांगितले आहे, आणि ते सर्वांवर बंधनकारक आहे. त्यापुढे ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ऑनलाईन पडताळणीत पापणी लवविता येत नव्हती म्हणून खाते नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पापणी लवविण्याला पर्याय द्या असे बजावले. मोतीबिंदूचे डोळे आणि झिजलेले अंगठे घेऊन यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या आमच्या माणसांसाठी हा निकाल किती मोलाचा आहे!

उलट २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा पाहा. त्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान एक, किमान १५० निराधारांचा वृद्धाश्रम असे आहे, आणि तिथे वैद्यकीय सेवा व मनोरंजनाची साधने यांचे मानदंड राज्याने ठरवावेत असेही आहे. मनोरंजनाची साधने! दिवाणखान्यात एक टीव्ही लावला की कलमाचे समाधान. माणसाला करमणुकीखेरीज बाहेरच्या जगाशी आपले व्यवहार आपण करायचे असतात, हे कायदा करणाऱ्यांच्या मनातही आले नाही. राज्याने नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक आश्रमात वायफाय, चार्जिंगची सोय आणि रहिवाशाचा मोबाईल त्याच्याच ताब्यात राहील अशी तरतूद केली पाहिजे. आम्ही आश्रमाला या साऱ्याचे दोन पानी पत्र दिले. मावशीचा मोबाईल आता तिच्या उशाशी असतो. इतरांचे अजून कपाटातच आहेत, आणि त्यासाठी दुसरे पत्र गेले आहे.

मात्र मोबाईल हातात आला म्हणजे पेन्शन हातात आली, असे नाही. मावशीच्या बँक खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर निघाला मुलाचा. हजारो घरांत हेच आहे. फॉर्म भरताना पोराने सोयीसाठी आपला नंबर टाकला, सोय त्याची झाली. ज्याच्या मोबाईलवर ओटीपी, त्याच्या हातात खाते. पासबुकावर नाव कुणाचेही असो! पोरगा लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. मावशीचा मुलगा लबाड नाही. पण आपला पैसा दुसऱ्याच्या चांगुलपणावर का अवलंबून राहावा? बँकेच्या शाखेत खातेदाराच्या सहीचा अर्ज देऊन नंबर बदलता येतो. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही ते काम करतो. हयातीच्या दाखल्यासाठीही पोस्टमनला बोलावता येते. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच बँक सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळविले आहे. शाखेत हे विचारले तर मान हलवितात. तेव्हा लेखी मागावे, पोच घ्यावी.

फसवणुकीची भीती खरी आहे. ती भीती दाखवून मोबाईल काढून घेणे हा उपाय नव्हे. वहीच्या पहिल्याच पानावर आम्ही मावशीसाठी मोठ्या अक्षरात लिहिले : ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेच्या साहेबालाही नाही, मलाही नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून कुणी "तुम्हाला अटक झाली आहे" म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा, कारण मोबाईलवरून अटक करण्याची तरतूद या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजायचे नाही, ताबडतोब १९३० फिरवायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. आश्रमात कुणी छळले तर १४५६७, ही ज्येष्ठांची हेल्पलाईन. "मलाही नाही" या शब्दांवर मावशी थांबली, आमच्याकडे पाहिले आणि ते पुन्हा वाचायला लावले.

आमच्या विहारांत, युवक मंडळांत मोबाईल चालविण्यात पटाईत मुलामुलींची वाण नाही. जयंतीच्या वर्गणीचे हिशेब, मिरवणुकीचे व्हिडिओ सगळे त्यांच्याच बोटांवर चालते. तालुक्यातील जवळच्या वृद्धाश्रमात महिन्यातून दोन रविवारी दोघादोघांनी जावे. फोटो काढून टाकण्यासाठी नव्हे, शिकविण्यासाठी. ऑक्टोबरमध्येच सुरुवात केली तर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याआधी नंबर बदलून होतात. रहिवाशाच्या संमतीखेरीज त्याचा मोबाईल उघडू नये, पासवर्ड आपल्या वहीत लिहून आणू नये. जाताना कोऱ्या वह्या, जाड पेन, खोबरेलाची बाटली आणि चार्जरची लांब वायर न्यावी. बहुतेक आश्रमांत प्लग खाटेपासून फार लांब असतो.